दरडोई उत्पन्न जास्त, तरी खरेदी कमी: विभागवार क्रयशक्ती काढताना नेमकं काय धरायचं?

नवी_विश्लेषक:

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे, पण अर्धवट लिहिला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं मांडते.

घरगुती वापराच्या टिकाऊ वस्तू विकणाऱ्या एका कंपनीत मी सहा महिन्यांपूर्वी रुजू झाले. अर्थशास्त्रात एम.ए. केलंय, पण विभागवार काम पहिल्यांदाच हातात आलंय. मला 14 विभागांची यादी दिली आणि सांगितलं, कुटुंबांच्या क्रयशक्तीप्रमाणे यांची क्रमवारी लाव. मी शिकले होते तेच केलं. प्रत्येक विभागाचं दरडोई उत्पन्न घेतलं, त्याला त्या विभागाच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने (महागाई मोजण्याच्या आकड्याने) भागलं आणि आलेले आकडे उतरत्या क्रमाने लावले. दोन दिवसांत काम झालं आणि मला ते चांगलं झालंय असंच वाटत होतं.

मग पडताळणीसाठी गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष विक्री शेजारच्या रकान्यात टाकली. माझ्या यादीत पहिला असलेला विभाग विक्रीत नववा निघाला. माझ्या यादीतला अकरावा विभाग विक्रीत तिसरा! विक्रीला कुटुंबांच्या संख्येने भागून पाहिलं, चित्र तेच राहिलं. माल पोहोचण्यात फरक असेल म्हणून तेही तपासलं. दोन्हीकडे माल वेळेवर पोहोचतो, हप्त्यांच्या योजनाही सारख्याच आहेत.

वरिष्ठांना दाखवलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आकडा बरोबर असेल, पण तो घरातल्या माणसांचा नाही." तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

भाडं, व्याजदर, कर, कामाची शाश्वती, बाहेरून येणारा पैसा, घरातली माणसं अशी यादी मीही करू शकते. पण यातलं वजनदार कुठलं आणि नावापुरतं कुठलं, हे मला कळत नाही. आणि महागाईचा आकडा मी वापरला ती पद्धत चुकली का? चुकली असेल तर नेमकी कुठे? ज्यांनी प्रत्यक्ष असं काम केलंय त्यांनी कृपया लिहावं.

---

जुना_पाहणीदार:

ताई, मी 27 वर्षं कौटुंबिक खर्चाच्या पाहणीचं काम केलं. आधी घरोघरी जाऊन तक्ते भरले, नंतर इतरांनी भरलेले तपासले. त्यामुळे तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने न जाता मला जे सगळ्यात मोठं वाटतं तिथून सुरुवात करतो.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एका घरी बाई म्हणाल्या, "तोंडी नको, कागद दाखवते," आणि कपाटातून पत्र्याचा डबा काढला. वर्षभराच्या पावत्या त्यात दाबून भरलेल्या. त्या जमिनीवर बसल्या आणि एकेक कागद उचलून दोन ढीग करायला लागल्या. भाड्याची पावती उचलली, "हे द्यायचंच." शाळेची फी, "द्यायचंच." वीजबिल, बसचा पास, सासऱ्यांच्या औषधांची चिठ्ठी, कर्जाचा हप्ता, प्रत्येक कागदाबरोबर तोच शब्द. मग शिलाई मशीनच्या किमती लिहून आणलेला एक कागद हाताला लागला. घडी घालून घालून तो चिरला होता. तो त्यांनी जरा वेळ हातात धरला, दुसऱ्या बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "हे बघू." शेवटी पहिला ढीग वीतभर उंच झाला. दुसऱ्यात तीन कागद.

त्याच मजल्यावरच्या शेजारच्या घराचं महिन्याचं उत्पन्न जवळपास तेवढंच होतं. पण घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, म्हातारी माणसं हिंडतीफिरती. तिथे 'बघू'चा ढीग चांगला जाड होता. मी दोन्ही तक्ते कार्यालयात दिले आणि दोन्ही घरं एकाच उत्पन्नगटात जाऊन बसली.

तुमची कंपनी विकते त्या वस्तू 'बघू'च्या ढिगातून घेतल्या जातात. तुम्ही मोजलीत दोन्ही ढिगांची बेरीज.

आता हाच हिशेब विभागांना लावून पाहा. समजा 'अ' विभागात घराचं उत्पन्न 100 आहे आणि त्यातले 70 न टळणाऱ्या खर्चात जातात. हातात उरतात 30. 'ब' विभागात उत्पन्न 80, पण न टळणारा खर्च 40, म्हणजे उरतात 40. तुमच्या यादीत 'अ' वर येईल, दुकानात गर्दी 'ब'मध्ये दिसेल. आता न टळणारे खर्च दोन्हीकडे 10 टक्क्यांनी वाढू द्या आणि उत्पन्न तेवढंच राहू द्या. 'अ'मध्ये 70 चे 77 होतील आणि उरतील 23. 'ब'मध्ये 40 चे 44 होतील आणि उरतील 36. महागाई दोन्हीकडे सारखीच आली, पण 'अ'ची मोकळी रक्कम जवळपास 23 टक्क्यांनी घटली आणि 'ब'ची 10 टक्क्यांनी. हा तक्ता मी नव्या पाहणीदारांना फळ्यावर काढून दाखवायचो, कारण एकदा तो डोक्यात बसला की बाकीचे घटक आपोआप आपापल्या जागी जातात.

याचं मूळ फार जुनं आहे. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि सांगितलं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. (मार्क्सचा सहकारी एंगेल्स तो वेगळा. माझ्या तपासणीत ही गल्लत अनेकदा आली म्हणून सांगतो.) उत्पन्नाच्या आकड्यावर विश्वास नसेल तेव्हा हा वाटा बघा. उत्पन्न सांगताना माणूस कमीजास्त करतो. खर्चाचा वाटा लपवणं त्याला तितकं जमत नाही. मात्र मोठ्या शहरांत आज अन्नाच्या जोडीला घरभाड्याचा वाटाही बघावा लागतो. तो नुसता अन्नाच्या वाट्यात दिसत नाही.

आता तुमची नेमकी चूक. ती फार जण करतात आणि ती समजली की निम्मं कोडं सुटेल. तुम्ही उत्पन्नाला ज्या निर्देशांकाने भागलंत तो काळाचा निर्देशांक आहे. पायाभूत वर्षात, म्हणजे ज्या वर्षापासून किमतींची वाढ मोजायची त्या वर्षी, तो प्रत्येक विभागाला 100 धरतो, मग तो विभाग महाग असो की स्वस्त. म्हणजे एखाद्या विभागाचा निर्देशांक 180 आणि दुसऱ्याचा 170 असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की पहिल्यात किमती पायाभूत वर्षापासून जास्त वाढल्या. पहिला विभाग दुसऱ्यापेक्षा महाग आहे, असं त्यातून मुळीच निघत नाही. मुळात स्वस्त असलेल्या ठिकाणी किमती वेगाने वाढल्या, तर तिथला निर्देशांक मोठा दिसेल आणि तुमच्या भागाकारात ते ठिकाण विनाकारण खाली जाईल. तुमचा अकरावा विभाग कदाचित असाच घसरला असेल.

दोन ठिकाणांची तुलना करायला जागेचा निर्देशांक लागतो. तीच वस्तू, तोच दर्जा, एकाच वेळी, दोन ठिकाणी कितीला पडते हे पाहायचं. देशादेशांसाठी क्रयशक्ती समानता हा शब्द गुस्ताव कासेल या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने 1918 मध्ये रूढ केला आणि 1968 पासून संयुक्त राष्ट्रसंघ व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने मिळून तसं प्रत्यक्ष मोजायला सुरुवात केली. देशाच्या आतही हे करता येतं. अमेरिकेचं सरकारी आर्थिक विश्लेषण कार्यालय प्रत्येक राज्याची किंमतपातळी राष्ट्रीय सरासरी 100 धरून जाहीर करतं. तिथे कॅलिफोर्निया आणि हवाई 100 च्या बरेच वर असतात, मिसिसिपी आणि आर्कान्सा बरेच खाली. आणि हा फरक कशाने पडतो ते पाहिलंत तर कळेल की सगळ्यात मोठा हात घरभाड्याचा आहे. कारखान्यात बनलेल्या वस्तू ट्रकमधून कुठेही जातात, म्हणून त्यांच्या किमती फार वेगळ्या राहत नाहीत. जमीन हलत नाही. केस कापणारा, शिकवणी घेणारा, नळ दुरुस्त करणारा यांच्या सेवाही फारशा हलत नाहीत. म्हणून विभागाविभागांतला खरा फरक शोधायचा तर भाडं आणि सेवा यांपासून सुरुवात करा.

तुमच्याकडे जागेचा निर्देशांक नसेल तर निदान भाड्याची आकडेवारी मिळवा. नुसतं भाडं वजा केलंत तरी क्रमवारी बरीच हलेल, असं माझा अनुभव सांगतो.

निर्देशांकाबद्दल आणखी एक. त्यातल्या वस्तूंना दिलेले भारांक, म्हणजे कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचं ते, एकूण खर्चावरून ठरतात. जो जास्त खर्च करतो त्याच्या सवयींचा त्या आकड्यावर जास्त ताबा. दहा घरांतल्या एका घराने इतर नऊ घरांच्या बरोबरीने खर्च केला, तर निर्देशांकात निम्मा आवाज त्या एकाच घराचा. म्हणून महागाई उतरल्याची बातमी येते आणि रोजंदारीवरच्या घरात कुणाला ती पटत नाही. ते घर खोटं बोलत नसतं. त्याची खरेदीची टोपली वेगळी असते. युरोपात तर मध्यवर्ती बँक ज्या सामायिक निर्देशांकाकडे बघून व्याजदर ठरवते, त्यात स्वतःच्या मालकीच्या घरात राहण्याचा खर्च जवळपास धरलेलाच नाही. तो धरावा अशी शिफारस त्या बँकेनेच 2021 मध्ये केली.

उत्पन्नाच्या रकान्याबद्दल बोलायचं राहिलं. ते रात्री लिहितो.

---

कर्ज_विभाग:

वरचं उत्तर जपून ठेवावं असं आहे. मी फक्त व्याजाचा भाग जोडतो, कारण कर्जाच्या अर्जांवर माझी बारा वर्षं गेली आहेत.

व्याजदर वाढला की क्रयशक्ती कमी होते, इतकं सगळेच लिहितात. पण किती आणि केव्हा, हे कर्ज कोणत्या प्रकारचं आहे यावर ठरतं. अमेरिकेत 2022 च्या मार्चपासून 2023 च्या जुलैपर्यंत मध्यवर्ती बँकेने दर जवळपास शून्यावरून 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेला. तरीही ज्यांनी आधीच घर घेतलं होतं अशा बहुतेकांचा हप्ता एका पैशानेही हलला नाही, कारण तिथली बहुतेक गृहकर्जं 30 वर्षांच्या स्थिर दराची असतात. ऑस्ट्रेलियात दर 0.10 टक्क्यावरून 2023 च्या नोव्हेंबरात 4.35 वर गेला. वाढ अमेरिकेपेक्षा कमी, पण तिथे बदलत्या दराची कर्जं जास्त असल्याने ती थेट घराच्या हप्त्यात उतरली. म्हणजे 'द्यायचंच'चा ढीग एकाच वर्षात फुगला आणि त्यात कुटुंबाने नवं काहीच घेतलेलं नव्हतं.

म्हणून विभागाची सरासरी कर्जरक्कम बघून थांबू नका. किती घरांवर कर्ज आहे, त्यातली किती बदलत्या दराची आहेत आणि कर्ज किती जुनं आहे, हे विचारा. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला बहुतांश पैसा व्याजात जातो. जिथे वस्ती नवी, घरं नुकती घेतलेली, तिथे पगार भरघोस असूनही खिसा घट्ट असतो. माझ्यासमोर बसलेली अशी कितीतरी जोडपी मला आठवतात. दोघांचाही पगार चांगला, कागदपत्रं नीटनेटकी, आणि तरी नव्या कर्जाचा विषय निघाला की दोघं एकमेकांकडे बघायची. तुमचा पहिल्या नंबरचा विभाग नव्या वस्त्यांचा आहे का, ते बघा.

---

नवी_विश्लेषक:

दोघांचेही मनापासून आभार. काळाचा आणि जागेचा निर्देशांक यांतली गल्लत वाचली आणि अक्षरशः खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. परीक्षेत मी यावर उत्तर लिहिलंय, आणि कामात तीच चूक केली.

आणि हो, पहिला विभाग नव्या वस्त्यांचाच आहे. त्यात मोठमोठी कार्यालयं आणि कारखानेही आहेत. अकराव्या विभागाबद्दल एक माहिती मिळाली. तिथे घरटी कुणी ना कुणी बाहेर कामाला आहे आणि दर महिन्याला पैसे पाठवतं. माझ्या दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात हा पैसा धरलेला आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

---

दूरचा_कमावता:

याचं उत्तर मी देऊ शकतो, कारण पाठवणाऱ्यांपैकी मी एक आहे. अकरा वर्षं झाली.

तुमचा आकडा विभागातल्या उत्पादनावरून काढलेला असेल, तर माझा पैसा त्यात नाही. मी जिथे काम करतो तिथल्या उत्पादनात माझं काम मोजलं जातं आणि माझ्या घरचा खर्च दुसरीकडेच होतो. लक्झेंबर्गचं उदाहरण घ्या. तिथे नोकरी करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात. त्यांनी तयार केलेलं उत्पादन लक्झेंबर्गच्या खात्यात जातं, पण दरडोई काढताना भागाकार फक्त तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने होतो. दरडोई आकडा फुगतो तो असा. तुमच्या पहिल्या विभागात कामाला येणारे लोक संध्याकाळी कुठे परततात, हे बघा. उलट्या टोकाला नेपाळ आहे. बाहेरून येणारा पैसा तिथल्या जीडीपीच्या (देशातल्या एकूण उत्पादनाच्या) पाचव्या हिश्श्याहून जास्त आहे. तो वगळून तिथल्या घराच्या खर्चाचा अंदाज बांधलात तर काहीच जुळणार नाही.

एक गोष्ट मात्र जपून धरा. आमच्या पैशाची किंमत विनिमय दरावर हलते. घरच्या देशाचं चलन घसरलं की मी तेवढेच पैसे पाठवले तरी घरी जास्त पोहोचतात, म्हणून पाठवणाऱ्यांच्या घरांना काही महिने बरं वाटतं. पण आयात होणारं इंधन आणि औषधं महाग होत जातात आणि ते सगळ्यांनाच भरावं लागतं. ज्यांच्या घरात बाहेरचा पैसा येत नाही त्यांना तर दुहेरी. श्रीलंकेत 2022 मध्ये परकीय चलन आटलं. एका डॉलरला सुमारे 200 रुपये पडायचे, ते काही महिन्यांत 360 च्या आसपास गेले आणि सप्टेंबरात कोलंबोतली महागाई जवळपास 70 टक्क्यांवर पोहोचली. माझ्या खोलीतला एक सहकारी तिथला होता. तो रोज रात्री फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्याच्या घरी पूर्वीपेक्षा जास्त रुपये पोहोचत होते आणि तरी बायकोला औषधं मिळत नव्हती. पैसा हातात असून वस्तूच नसणं हे तुमच्या कुठल्याच रकान्यात बसणार नाही, पण ते घडतं.

---

जुना_पाहणीदार:

कबूल केल्याप्रमाणे उत्पन्नाबद्दल लिहितो. वरच्या दोघांनी माझं बरंचसं काम हलकं केलंय.

विभागाचं उत्पादन आणि घराचं उत्पन्न यांतली दरी किती रुंद असू शकते याचा सगळ्यात ठळक दाखला आयर्लंडचा. तिथलं 2015 चं जीडीपी 26 टक्क्यांनी वाढल्याचं पुढच्या वर्षी जाहीर झालं. तिथली घरं एका वर्षात सव्वापट श्रीमंत झाली नव्हती. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि तत्सम मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला 2017 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचं एक वेगळं, सुधारित माप काढावं लागलं. 2022 चे आकडे पाहिलेत तर आयर्लंडचं दरडोई जीडीपी युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त, आणि घरांना प्रत्यक्ष मिळालेला उपभोग सरासरीच्या खाली! तुमच्या पहिल्या विभागात मोठी कार्यालयं आहेत म्हणालात. नफा तिथे नोंदला जात असेल, पण तो तिथल्या घरांत उतरतो का?

हा 'प्रत्यक्ष उपभोग' मोजताना सरकारने पुरवलेलं शिक्षण आणि उपचारही धरतात, आणि ते योग्यच आहे. जिथे सरकारी शाळा आणि दवाखाना चांगला आहे, तिथल्या घराचा पगार कमी असला तरी 'द्यायचंच'च्या ढिगातले दोन जाड कागद कमी होतात. मी ज्या भागांत काम केलं तिथे हा फरक उत्पन्नाच्या फरकाहून मोठा असल्याचं अनेकदा दिसायचं. तुमच्या अकराव्या विभागात याचीही चौकशी करा.

कराबद्दल एकच सांगतो. कराचे दर न बदलताही कर वाढतो. ब्रिटनमध्ये करमुक्त उत्पन्नाची मर्यादा 2021 पासून 12,570 पौंडांवर गोठवलेली आहे. 2022 च्या ऑक्टोबरात तिथली महागाई 11.1 टक्क्यांवर गेली, पगार थोडेफार वाढले, मर्यादा तिथेच. महागाईची भरपाई म्हणून मिळालेल्या वाढीतूनही कर कापला गेला.

कुटुंबाचा आकार विसरू नका. दरडोई काढताना आपण धरतो की चार माणसांना एका माणसाच्या चौपट लागतं. तसं नसतं, कारण स्वयंपाकघर एक, दिवा एक. एक प्रचलित मोजपट्टी अशी: पहिल्या प्रौढाला 1, चौदा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पुढच्या व्यक्तीला 0.5, त्याहून लहान मुलाला 0.3. म्हणजे दोन प्रौढ आणि दोन लहान मुलं असं घर 2.1 माणसांचं. मोठी कुटुंबं असलेले विभाग दरडोई हिशेबात जितके गरीब दिसतात तितके ते नसतात. आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या, म्हणजे घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या घराचा आकडा. चारपाच फार श्रीमंत घरं सरासरी ओढून नेतात, मध्यकाला त्यांचा धक्का लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर पुन्हा लिहायला बसलो ती. आपण सगळे किमतींबद्दल बोलतो आहोत, पण क्रयशक्ती कोसळते ती अनेकदा काम सुटल्यामुळे. अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हेच मांडलं. त्यांच्या म्हणण्यानुसार धान्य इतकं घटलं नव्हतं की लाखो लोक मरावेत. युद्धाच्या खर्चामुळे किमती चढल्या, शहरातल्या काही वर्गांना संरक्षण मिळालं आणि भूमिहीन शेतमजूर, मासेमार, नाभिक यांच्या श्रमाच्या बदल्यात मिळणारं धान्य मात्र आकसत गेलं. नाभिकाचंच बघा. लोकांचे हात आखडले की दाढीकटिंग सगळ्यात आधी पुढे ढकलली जाते. म्हणजे त्याच्या मालाची किंमत पडते ती नेमकी धान्य महागलेलं असताना. विभागाची सरासरी ही घटना दाखवतच नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की विभागाचा एकच आकडा काढून थांबू नका. शेतमजूर, पगारदार, छोटे व्यावसायिक, निवृत्त असे निदान चार गट करा आणि प्रत्येकाचा 'बघू'चा ढीग वेगळा काढा. काम चौपट होईल हे मला ठाऊक आहे.

मिल्टन फ्रीडमन यांनी 1957 मध्ये म्हटलं होतं की माणूस या महिन्याच्या पगाराकडे बघून खर्च करत नाही, पुढे साधारण किती मिळत राहील या अंदाजावर करतो. माझ्या अनुभवात हे पगारदार घरांना पुरेपूर लागू पडतं. रोजंदारीवर जगणाऱ्यांना तो अंदाजच बांधता येत नाही. त्यांच्या घरी चांगल्या महिन्यातही शिलाई मशीनचा कागद दुसऱ्याच ढिगात राहतो, कारण पुढचा महिना कसा जाईल ते माहीत नसतं.

---

नवी_विश्लेषक:

तीन आठवड्यांनी परत आले, उशिराबद्दल माफ करा. काम संपवूनच लिहायचं ठरवलं होतं.

भाड्याची आकडेवारी मिळाली. हप्ते, फी, उपचार, प्रवास हे सगळं वजा केलं. राहत्या ठिकाणाप्रमाणे उत्पन्न घेतलं, बाहेरून येणारा पैसा मिळवला, कुटुंबाचा आकार वर दिलेल्या मोजपट्टीने धरला. शीटमध्ये नव्या रकान्याचं नाव 'बघू' असंच ठेवलंय. वरिष्ठांनी विचारलं हे काय, तर मी त्यांना पत्र्याच्या डब्याची गोष्ट सांगितली. त्यांनी नाव बदलू दिलं नाही.

पहिला विभाग आता आठवा आहे. अकरावा विभाग चौथा. चौदापैकी अकरा विभागांत माझा क्रम आणि विक्रीचा क्रम यांत दोनपेक्षा जास्त फरक उरलेला नाही. दोन विभागांचं कारण वितरणात सापडलं. एक मात्र अडून बसलाय. तिथे मोकळी रक्कम चांगली आहे, कर्ज कमी, भाडं कमी, शाळा बऱ्या, आणि तरीही लोक काही घेत नाहीत. तिथली बहुतेक घरं कंत्राटी कामावर आहेत एवढं मला समजलंय. कामाची शाश्वती आकड्यात कशी पकडायची? बेरोजगारीचा दर तिथे कमीच दिसतो.

---

जुना_पाहणीदार:

बेरोजगारीच्या दरात ते दिसणार नाही, कारण ते बेरोजगार नाहीतच. त्या विभागात पाहणी करता येत असेल तर पन्नास घरांना पुरे होतील असे दोनच प्रश्न घाला. गेल्या बारा महिन्यांपैकी किती महिन्यांत पैसे ठरल्या तारखेला मिळाले? आणि हे काम आणखी किती महिने आहे, असं तुम्हाला वाटतं? दुसऱ्या प्रश्नाला "सांगता येत नाही" असं उत्तर आलं तर तो रकाना रिकामा सोडू नका. तेच लिहून ठेवा आणि असं किती घरांनी सांगितलं ते मोजा.